नर्स म्हणून पहिलं वर्ष: रुग्णांसोबत स्वतःलाही कसं सांभाळायचं

कोर्स संपतो, रजिस्ट्रेशन होतं, नेमणुकीचं पत्र येतं आणि एके दिवशी वॉर्डच्या फळ्यावर तुमच्या नावापुढे बेड नंबर लिहिलेले दिसतात. कालपर्यंत तुमच्या कामावर सही करायला कुणीतरी वरचं होतं, आजपासून सही तुमची. ही जबाबदारी एका दिवसात अंगावर येते आणि तिची सवय व्हायला मात्र बरेच महिने लागतात. मधल्या काळात काय करायचं, त्याबद्दल हा लेख आहे. तो नव्या सिस्टर आणि ब्रदरसाठी लिहिला आहे. शेवटचा भाग त्यांना हाताखाली घेणाऱ्या सीनिअर्ससाठी आहे.

स्वतःची काळजी म्हटलं की व्यायाम, सुट्टी, छंद असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. त्याचा उपयोग आहेच. पण नव्या नर्सला पहिल्या वर्षातून पार नेणारी सवय मी बघितली ती एकच, वेळेवर मदत मागण्याची. पूर्ण अडकल्यावर नाही, तर अडकणार असं वाटायला लागताच. पुढे झोप, पाणी, जेवण, माणसं याबद्दल बरंच सांगितलं आहे. त्या सगळ्याचा हेतू हाच, की विचारायचं भान आणि विचारायची ताकद ड्यूटीच्या शेवटच्या तासापर्यंत टिकावी.

पायरी 1: पहिले महिने जड जाणार हे धरूनच चाला

अमेरिकी संशोधक मार्लीन क्रेमर यांनी 1974 मध्ये ‘रिॲलिटी शॉक’ हा शब्द मांडला. शिकताना मनात तयार झालेलं नर्सिंग आणि वॉर्डातलं रोजचं नर्सिंग यांतला फरक अंगावर आला की नव्या नर्सचं जे होतं, ते त्यांनी टप्प्याटप्प्यानं सांगितलं. सुरुवातीचे दिवस उत्साहाचे, मग धक्का, मग हळूहळू सावरणं आणि शेवटी स्वतःची जागा सापडणं. पुढे कॅनडातल्या जुडी डशर यांनी पहिल्या 12 महिन्यांचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत पहिले तीन-चार महिने नुसतं ‘करण्यात’ जातात. कामं उरकायची, वेळ गाठायची, काही सुटायला नको, एवढंच डोक्यात असतं. त्यानंतरचे काही महिने प्रश्नांचे असतात. हे असंच का करतात, मी इथे बसते का, हा पेशा माझा आहे का. वर्ष संपत येतं तसा स्वतःच्या अंदाजावर विश्वास बसायला लागतो.

हे आधी सांगायचं कारण असं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बऱ्याच जणी ‘मी या कामासाठी बनलेलीच नाही’ असा निष्कर्ष काढून बसतात. तो निष्कर्ष त्या काळात काढू नका. पॅट्रिशिया बेनर यांच्या पाच पायऱ्यांमध्ये नुकतीच पास झालेली नर्स दुसऱ्या पायरीवर असते. तिसरी पायरी, म्हणजे काम नीट आवाक्यात येणं, त्याच प्रकारच्या कामात साधारण दोन-तीन वर्षं काढल्यावर येते. शेजारच्या बेडवर सफाईनं काम करणाऱ्या दहा वर्षांच्या अनुभवी सिस्टरशी स्वतःची तुलना करून काही हाती लागणार नाही. तुलना करायचीच असेल तर गेल्या महिन्यातल्या स्वतःशी करा. त्यासाठी एक छोटी वही ठेवा आणि आठवड्यातून एकदा दोन ओळी लिहा: या आठवड्यात पहिल्यांदा एकटीनं काय जमलं आणि अजून कशाची धास्ती आहे. दुसरी ओळ पुढच्या आठवड्यात कुणाला काय विचारायचं ते सांगते.

पायरी 2: रुजू होण्याआधी आणि पहिल्या आठवड्यात

आधी हिपॅटायटिस बीचं बघा. लसीचे तिन्ही डोस झालेत ना, आणि त्यानंतर अँटीबॉडीची तपासणी झाली आहे का? डोस पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत 10 किंवा त्याहून जास्त आकडा आला तर संरक्षण तयार झालं असं धरतात. बऱ्याच जणी लस घेतात, तपासणी मात्र राहून जाते. ती करून घ्या आणि रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा. सुई टोचली त्या दिवशी तो शोधत बसायला लागू नये.

पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या चार गोष्टी पाठ करा. क्रॅश कार्ट (तातडीची औषधं आणि साधनं असलेली ट्रॉली) कुठे आहे आणि ती कशी उघडते. ऑक्सिजन आणि सक्शन चालू आहे हे कसं तपासायचं. इमर्जन्सीला कोणत्या नंबरवर फोन करायचा. आणि रात्री अडलं तर नेमकं कुणाला उठवायचं. एवढं माहीत असलं की छातीतली अर्धी धडधड कमी होते. बाकीचं हळूहळू येतं.

रुग्णालयात नव्या नर्ससोबत प्रिसेप्टर, म्हणजे तिला हाताशी धरून शिकवणारी अनुभवी नर्स, देण्याची पद्धत असेल तर उत्तम. नसेल तर स्वतः एक सीनिअर शोधा आणि सरळ विचारा: “सिस्टर, पहिले काही महिने मी अडले की तुम्हाला विचारलं तर चालेल का?” बहुतेक जणी हो म्हणतात. एकदा तोंडी ठरलं की पुढच्या वेळी विचारताना संकोच वाटत नाही.

पायरी 3: ड्यूटीचे तास

हँडओव्हर, म्हणजे आधीच्या ड्यूटीकडून रुग्णांची माहिती, घेताना खिशात एक घडी घातलेला कागद ठेवा. प्रत्येक रुग्णासाठी एक चौकोन करा आणि त्यात बेड, आजार, औषधांच्या वेळा, लाईन आणि ड्रेन, आणि ‘आज काय बिघडू शकतं’ लिहा. हा शेवटचा रकाना पुष्कळ जण लिहीत नाहीत आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा आहे. ऑपरेशन होऊन काही तासच झालेल्या रुग्णापुढे ‘रक्तस्राव’ लिहिलेलं असेल तर पल्स वाढलेली दिसताच डोकं तिकडेच जातं. ड्यूटी संपली की तो कागद नष्ट करून निघा. त्यावर रुग्णांची माहिती असते.

पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक रुग्णाला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. श्वास, रंग, सलाईनची जागा. मग कामं लावा. जीवाशी संबंधित आधी, वेळेला बांधलेली औषधं नंतर, बाकीचं त्यामागे. सगळंच तातडीचं वाटायला लागलं तर ती मदत मागायची वेळ आहे. इन्चार्जकडे जा आणि म्हणा: “माझ्याकडे आत्ता ही तीन कामं एकत्र आली आहेत. आधी कोणतं करू आणि एक कुणी घेऊ शकेल का?” ‘खूप काम आहे’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. तीन कामांची नावं सांगितली तर कळतं.

औषध काढताना आणि देताना कुणी बोलायला आलं तर “दोन मिनिटं, औषध काढतेय” एवढं म्हणायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. तो उद्धटपणा नाही.

आता शरीराकडे. पाणी पिणं आणि लघवीला जाणं पुढे ढकलू नका. लघवी तासन्‌तास धरून ठेवणं आणि पाणी कमी पिणं, दोन्हींमुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता वाढते. शिवाय शरीरात पाणी कमी झालं की डोकं दुखतं, लक्ष लागत नाही. ब्रेक ‘वेळ मिळाला तर’ यावर सोडला की तो मिळतच नाही. ड्यूटीच्या सुरुवातीलाच सहकाऱ्याशी ठरवा: तू अमुक वाजता जा, तुझे बेड मी बघते, मग मी जाते. जाताना तिला दोन वाक्यांत तुमच्या रुग्णांचं सांगा, म्हणजे खाताना जीव वॉर्डात अडकून राहत नाही.

पाठीचं दुखणं या पेशात फार आणि ते पहिल्या वर्षातच सुरू होऊ शकतं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेनं रुग्ण हाताने उचलण्यासाठी सुचवलेली मर्यादा साधारण 16 किलो आहे, तीही सगळी परिस्थिती अनुकूल असताना. कोणताही प्रौढ रुग्ण त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे. म्हणजे ‘नीट वाकून एकटीनं उचललं तर चालतं’ हे खरं नाही. स्लाइड शीट (रुग्णाला सरकवायची घसरती चादर), होइस्ट (रुग्ण उचलायचं यंत्र), दुसरा माणूस, यांपैकी काहीतरी हवंच. बेड कमरेच्या उंचीला आणायला दहा सेकंद लागतात, ते खर्च करा. आणि गरोदर असाल तर इन्चार्जला लवकर सांगा. एक्स-रे, केमोथेरपीची औषधं आणि उचलाउचल या तिन्ही बाबतींत कामाची वाटणी बदलावी लागते. ती सवलत म्हणून मागायची गोष्ट नाही, तो सुरक्षिततेचा नियम आहे.

पायरी 4: डॉक्टरांना फोन कसा करायचा

यावर थोडं जास्त थांबते, कारण नव्या नर्सचा सगळ्यांत मोठा ताण मला इथे दिसतो. रुग्ण बरा वाटत नाही, पण नेमकं काय ते सांगता येत नाही, आणि फोन केला तर समोरून काय ऐकावं लागेल याची भीती. मग फोन अर्धा तास लांबतो. रुग्णासाठी तो अर्धा तास वाईट, आणि नंतर ‘आधीच का नाही केला’ हे मनाला लागून राहतं ते वेगळंच.

यासाठी एसबार नावाची चार टप्प्यांची पद्धत आहे. तिचं मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरच्या संभाषणपद्धतीत आहे, तिथून ती रुग्णालयांत आली. आधी स्थिती, मग पार्श्वभूमी, मग तुमचा अंदाज, शेवटी तुमची मागणी. फोन उचलण्याआधी चारही ओळी कागदावर लिहा. उदाहरणार्थ:

“सर, मी सर्जिकल वॉर्डातून बोलतेय, बेड 7 बद्दल. पेशंटचं बीपी 90/60 आहे, पल्स 124, गेल्या तासात लघवी फक्त 15 मिली. आज सकाळी आतड्याचं ऑपरेशन झालंय, दुपारी बीपी 124/80 होतं. आत रक्तस्राव होत असावा अशी मला शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघाल का? येईपर्यंत कोणत्या तपासण्या पाठवू?”

तिसऱ्या टप्प्यावर नव्या नर्स अडखळतात, कारण अंदाज सांगायचा आपल्याला अधिकार नाही असं वाटतं. निदान माहीत नसलं तर एवढंच म्हणा: “नेमकं काय ते कळत नाही, पण दुपारपेक्षा पेशंट बिघडलाय.” हाही अंदाजच आहे आणि तो पुरेसा आहे.

आणि समोरच्यानं टाळलं तर? मग क्रमानं तीन वाक्यं वापरा, प्रत्येक आधीच्यापेक्षा ठाम. “मला याची काळजी वाटते.” “हे असं ठेवणं मला योग्य वाटत नाही.” “ही पेशंटच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे.” तरीही कुणी हललं नाही तर इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांचे वरिष्ठ यांच्याकडे जा. फोन कधी केला, काय सांगितलं, काय उत्तर आलं, हे वेळेसकट नोंदवा. ही वाक्यं घरी मोठ्यानं म्हणून बघा. ऐनवेळी तोंडातून तीच येतात जी आधी तोंडात बसलेली असतात.

पायरी 5: नाइट

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई आणि अचूकता रक्तात 0.05 टक्के मद्य असताना होते तेवढी घसरते. सकाळी उठून दिवसभर घरकाम करून रात्री ड्यूटीवर गेलेली नर्स हा टप्पा मध्यरात्रीच गाठते. म्हणून पहिल्या नाइटआधी दुपारी दीड तास तरी झोपा. झोप आली नाही तरी अंधारात पडून राहा.

पहाटे तीन ते पाच हा काळ सर्वांत धोक्याचा. शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तेव्हा तळाला असतात. मोजून द्यायची औषधं, इन्फ्युजन पंपाचे आकडे, रक्त चढवणं यांत या वेळी दुसऱ्याकडून तपासून घ्यायला अजिबात मागेपुढे पाहू नका. रुग्णालयाच्या नियमात बसत असेल तर ब्रेकमध्ये 15 ते 20 मिनिटांची डुलकी घ्या. त्याहून लांबली तर उठल्यावर डोकं जड राहतं आणि सावरायला वेळ जातो. चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या भागात ठेवा. कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनंतरही रक्तात असतो, त्यामुळे पहाटेची कॉफी सकाळची झोप खाते.

सकाळी घरी जाताना गाडी चालवत असाल आणि डोळे मिटत असतील तर चालवू नका. खिडकी उघडणं, गाणी लावणं यानं झोप जात नाही. थोडा वेळ रुग्णालयातच झोपा, नाहीतर कुणाबरोबर तरी जा.

घरी खोली अंधारी करा, फोन बंद, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की सकाळची ही झोप म्हणजे तुमची रात्र आहे. हे सांगणं सोपं नसतं. दिवसा झोपलेल्या माणसाला उठवायला कुणालाच काही वाटत नाही. रोस्टर घरात सगळ्यांना दिसेल असं लावा आणि झोपेचे तास त्यावर लाल पेनानं लिहा. मुलं लहान असतील, घरात आजारी कुणी असेल, तर त्या तासांपुरती जबाबदारी कुणाची ते नाइट सुरू होण्याआधी ठरवा.

जादा ड्यूटीचं काय? अमेरिकेत 2004 मध्ये झालेल्या एका अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम केलेल्या ड्यूटीत नर्सकडून चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. तेव्हा ‘आज थांबशील का’ असं कुणी विचारलं तर ‘मला आज जमणार नाही’ हे पूर्ण वाक्य आहे. पुढे कारण जोडायची गरज नाही. कधीतरी थांबावं लागेलच, सहकाऱ्यांसाठी आपण थांबतोही. पण लागोपाठ दुसऱ्यांदा विचारलं जाईल तेव्हा हे वाक्य तयार असू द्या.

पायरी 6: ड्यूटी वॉर्डातच संपवून निघा

हँडओव्हर दिल्यावर निघण्याआधी पाच मिनिटं एका जागी उभं राहून खिशातला कागद वरून खाली वाचा. काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा. मग स्वतःला विचारा: आज अवघड काय गेलं? बरं काय झालं? आणि सहकाऱ्याकडे एकदा बघा, ती ठीक आहे का?

घरी पोचल्यावर आठवलं की अमुक इंजेक्शनची नोंद केली नाही, तर वॉर्डला फोन करा. रात्री अकरा वाजता असला तरी करा. पुढच्या ड्यूटीवरची सिस्टर त्यासाठी कधीच रागावत नाही, उलट नोंद नसल्यामुळे तोच डोस दुसऱ्यांदा जाण्याचा धोका टळतो. तुम्हालाही झोप लागते. तुमच्या डोक्यात रात्रभर फिरणाऱ्या प्रश्नांपैकी अर्ध्यांचं उत्तर एका फोनमध्ये असतं.

पायरी 7: सुई टोचली तर

घाबरून लपवू नका, वेळ महत्त्वाची आहे. जागा साबण आणि पाण्यानं धुवा. पिळू नका, ब्लीच किंवा तसलं जळजळणारं काही लावू नका. लगेच इन्चार्जला सांगा, अपघाताची नोंद करा, रुग्णाच्या आणि तुमच्या रक्ताच्या तपासण्या होतील. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यावर संसर्गाची शक्यता साधारण 300 मध्ये 1 असते, आणि प्रतिबंधक औषधं घेतली तर ती आणखी खूप कमी होते. ही औषधं शक्य तितक्या लवकर, काही तासांतच सुरू करायची असतात. 72 तास हा शेवटचा टप्पा आहे. कोर्स 28 दिवसांचा असतो. ‘रुग्ण तसा वाटत नव्हता’ यावर कधीही विसंबू नका.

पायरी 8: चूक झाली तर

चूक होईल. लहान असेल, वेळेवर पकडली जाईल अशी आशा करू या, पण होईल. क्रम असा: आधी रुग्णाला बघा, व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास, ताप) घ्या. मग डॉक्टर आणि इन्चार्जला सांगा. मग जे घडलं ते जसंच्या तसं, वेळेसकट लिहा. जुनी नोंद खोडू नका, बदलू नका.

त्यानंतर तुमचं काय, हे क्वचितच कुणी विचारतं. डॉ. अल्बर्ट वू यांनी 2000 मध्ये अशा कर्मचाऱ्यांसाठी ‘सेकंड व्हिक्टिम’, म्हणजे दुसरा बळी, असा शब्द वापरला. पहिला बळी रुग्ण आणि त्याचं कुटुंब, त्यात वाद नाही. पण चूक ज्याच्या हातून झाली त्याची झोप उडते, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो, साधं इंजेक्शन भरताना हात थरथरतो. हे होणं स्वाभाविक आहे. त्याच दिवशी एका विश्वासू सहकाऱ्याशी बोला, एकटीनं घरी घेऊन जाऊ नका. चौकशी असेल तर सोबत कुणाला नेता येईल ते विचारा. आणि चुकीचं कारण शोधताना फक्त स्वतःपाशी थांबू नका. दोन औषधांच्या बाटल्या सारख्या दिसत होत्या का, त्या वेळी किती बेड तुमच्याकडे होते, कुणी मध्ये बोलावलं का, हे अहवालात लिहा. पुढच्या नर्सच्या हातून तेच होऊ नये यासाठी ती माहिती लागते.

पायरी 9: पहिला मृत्यू, आणि मनाविरुद्ध करावं लागलेलं काम

तुमच्या हाताखालचा रुग्ण गेला की रडू येईल किंवा काहीच वाटणार नाही. दोन्ही ठीक आहे. नातेवाइकांसमोर डोळे भरले तर त्यात लाज नाही, फक्त त्यांनी तुम्हाला सावरायची वेळ येऊ नये इतकं बघा. मृतदेहाची अखेरची तयारी पहिल्यांदा एकटीनं करू नका, सीनिअरसोबत करा. पुष्कळ जणींना ते काम शांत करतं, कारण रुग्णासाठी शेवटचं काहीतरी नीट केल्याचं समाधान मिळतं. नवीन ॲडमिशन घेण्याआधी दहा मिनिटं मागा. तोंड धुवा, पाणी प्या, कुणाशी तरी दोन वाक्यं बोला.

दुसरं एक दुखणं जास्त खोल जातं. काय करायला हवं ते कळतं, पण मनुष्यबळ नाही, परवानगी नाही, वेळ नाही म्हणून करता येत नाही. तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये याला ‘मॉरल डिस्ट्रेस’ म्हटलं. शेवटच्या घटका मोजणाऱ्या आजींजवळ बसायचं होतं आणि बसता आलं नाही. ही टोचणी स्वतःचा दोष म्हणून गिळू नका. वॉर्डच्या बैठकीत मांडा, लेखी द्या. एकटीला जड जात असेल तर दोघी-तिघी मिळून द्या.

पायरी 10: बोलणी, अपमान, दमदाटी

चूक दाखवणं आणि अपमान करणं यांत फरक करायला शिका. ‘हे ड्रेसिंग पुन्हा कर, कडा उघड्या राहिल्यात’ हे कठोर असलं तरी शिकवणं आहे, ऐका. रुग्णासमोर ‘तुला काहीच येत नाही’ हा अपमान आहे. तो वरचेवर होत असेल तर तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण होतं हे लिहून ठेवा. आधी त्या व्यक्तीला एकांतात सांगून बघा: “माझं चुकलं तर जरूर सांगा, पण पेशंटसमोर नको.” फरक पडला नाही तर नोंदी घेऊन वर जा.

नातेवाईक चिडून अंगावर येत असतील तर दाराकडची बाजू स्वतःकडे ठेवा, हाताच्या लांबीइतकं अंतर राखा, आवाज खाली ठेवा आणि सुरक्षारक्षकाला बोलवायला सहकाऱ्याला खूण करा. समजावत एकटीनं थांबू नका. मारहाण किंवा लैंगिक शेरेबाजी झाली तर ती ‘कामाचा भाग’ नाही. त्याच ड्यूटीत तक्रार नोंदवा.

पायरी 11: कधी समजायचं की हे नेहमीच्या थकव्यापलीकडचं आहे

नेहमीचा थकवा दोन दिवसांच्या ऑफमध्ये बऱ्यापैकी जातो. बर्नआउट जात नाही. क्रिस्तिना मास्लाक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: आतून पूर्ण रिकामं वाटणं, रुग्णांविषयी कोरडेपणा येणं, आणि आपण काहीच नीट करत नाही असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या अकराव्या यादीत बर्नआउटला कामाशी निगडित घटना म्हणून जागा दिली आहे, स्वतंत्र आजार म्हणून नाही. त्यामागे कामाच्या ठिकाणचा न हाताळलेला ताण असतो असं ती व्याख्या सांगते. म्हणजे उपायही कामाच्या ठिकाणी शोधायला हवा.

ड्यूटीच्या आदल्या संध्याकाळी रोज पोटात गोळा येणं, ऑफच्या दिवशीही झोप न लागणं, जेवण सुटणं, आवडत्या गोष्टींत मन न रमणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांना दाखवा, समुपदेशकाला भेटा. शक्यतो स्वतःच्या वॉर्डाबाहेरचे निवडा, म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल. झोपेसाठी दारू किंवा वॉर्डातली गोळी हा रस्ता धरू नका. औषध हाताशी असणं हाच या पेशातला धोका आहे, आणि त्यात अडकलेल्या नर्सला बोलायची भीती सर्वांत जास्त वाटते. अडकला असाल तरी बोला, उपचार आहेत.

जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, तर ऑफची वाट बघू नका. आत्ता, जवळच्या एका माणसाला हे शब्दांत सांगा, एकटं राहू नका, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा कॅज्युअल्टीत जा. तुम्ही रुग्णाला हेच करायला सांगितलं असतं.

सीनिअर आणि इन्चार्जसाठी

2002 मध्ये लिंडा एकिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या अभ्यासात पाहिलं की एका नर्समागे एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता 23 टक्क्यांनी, आणि ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. म्हणून नव्या नर्सला ‘खंबीर हो’ सांगण्याआधी तिच्याकडे किती बेड दिलेत ते मोजा. ताण-नियोजनाची कार्यशाळा चांगली असते, पण ती कमी पडणाऱ्या माणसांची जागा घेत नाही. मनुष्यबळ तुमच्या हातात नसेल, तरी वर लेखी मागणी करणं हातात आहे. ती दर महिन्याला करा.

रोस्टर मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं. पहिले काही आठवडे नवी नर्स आणि तिची प्रिसेप्टर एकाच ड्यूटीत ठेवा. तिला दुसऱ्या वॉर्डात तात्पुरतं पाठवू नका. नाइटला दोन नव्या एकत्र आणि सोबत जुनं कुणीच नाही, असं होऊ देऊ नका. ड्यूटी बदलताना सकाळवरून दुपार, दुपारवरून रात्र, असा क्रम पुढे सरकता ठेवा, उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो. ब्रेक नावानिशी लिहा.

ड्यूटीच्या मध्यावर तिच्याकडे जा. ‘ठीक आहे ना?’ विचारलं की ‘हो’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: “आत्ता कोणत्या पेशंटची तुला जास्त धास्ती वाटतेय?” मग तिच्यासोबत त्या बेडपाशी जा. तिनं लवकर विचारलं, आणि काळजीचं काही निघालं नाही, तेव्हाही “विचारलंस ते बरं केलंस” म्हणा. तुमच्या या एका उत्तरावर ती पुढच्या वेळी विचारणार की गप्प बसणार हे ठरतं. कौतुक नेमकं करा: “बेड 4 ची सॅच्युरेशन घसरतेय हे तू आधी पकडलंस.” चूक झाली तर पहिलं वाक्य “पेशंट कसा आहे?” आणि दुसरं “तू कशी आहेस?” असावं. कारणांची चर्चा त्यानंतर, दार बंद करून.

पहिल्या महिन्याच्या शेवटी, मग तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात, तिच्यासोबत अर्धा तास बसायचं आत्ताच कॅलेंडरमध्ये लिहा आणि त्या वेळी तुमचे बेड कुणाकडे असतील तेही. तिसऱ्या महिन्याची बैठक कामाच्या गर्दीत सर्वांत सहज रद्द होते. तीच रद्द करू नका.